दोन केबल बाँड करूनही कॉपीचा वेग ११२ एमबीवरच अडकतो, आणि दोन इंटरनेट लाइन एकत्र कशा करायच्या?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. लहान ऑफिसचं नेटवर्क आहे. फाइल सर्व्हर लिनक्सवर चालतो, त्याला एक-एक गिगाबिटचे चार पोर्ट आहेत. त्यातले दोन बाँड केलेत, म्हणजे दोन तारा जोडून एकाच जोडणीसारख्या वापरतोय, मोड ४ म्हणजे ८०२.३एडी. ते मॅनेज्ड स्विचच्या १ आणि २ नंबरच्या पोर्टला लावलेत आणि स्विचवर त्या दोन पोर्टचा ग्रुपही बनवलाय. स्विचला आठ साधी मशीन आहेत, प्रत्येकी एक गिगाबिट. शिवाय व्हिडिओ एडिटिंगचं एक विंडोज १० मशीन आहे, त्याला दोन पोर्टचं कार्ड आहे आणि दोन्ही पोर्ट स्विचला लावलेत.

अडचणी तीन:

१. एडिटिंग मशीनवरून सर्व्हरवर मोठी फाइल कॉपी केली की वेग सेकंदाला ११२ एमबीच्या आसपास थांबतो. दोन गिगाबिट असताना दुप्पट का मिळत नाही?

२. बाँड केल्यापासून आठातल्या ठरावीक दोन मशीनना सर्व्हर दिसतच नाही. पिंगही जात नाही. बाकीच्यांचं व्यवस्थित चालतं. एक केबल काढली की कधी सगळ्यांचं चालू होतं, कधी सगळ्यांचं बंद पडतं.

३. इंटरनेटच्या दोन लाइन आहेत, १०० एमबीपीएसची फायबर आणि एक ४जी राउटर. दोन्ही मिळून वेगही वाढावा आणि एक गेली तर व्हिडिओ कॉल तुटू नये, असं करता येईल का? राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त लिनक्स प्रणाली) आहे.

तारजोड

तिन्ही प्रश्न वेगळे आहेत, पण पहिल्या आणि तिसऱ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. बाँडिंगमध्ये एक कनेक्शन चिरून दोन तारांवर टाकलं जात नाही. अनेक कनेक्शन असतात, त्यातलं कुठलं कुठल्या तारेवरून जाईल एवढंच ठरवलं जातं. एकदा तार ठरली की ते कनेक्शन तिथेच राहतं. महामार्गाला दुसरी लेन जोडली म्हणून एकटी गाडी दुप्पट वेगाने पळत नाही, तसंच हे.

असं मुद्दाम केलेलं आहे. एकाच कनेक्शनची पॅकेट दोन तारांवर विखुरली तर ती पुढेमागे पोचतात. पॅकेट क्रमाने आलं नाही की घेणारा टीसीपी (डेटा क्रमाने आणि पोच घेऊन पोचवणारा प्रोटोकॉल) आधीचीच पोच पुन्हा पाठवतो. अशा तीन पोचा आल्या की पाठवणारा पारंपरिक नियमाने पॅकेट हरवलं असं धरतो, ते पुन्हा पाठवतो आणि वेग कमी करतो. म्हणून ८०२.३एडीच्या मानकाने एका संभाषणातल्या फ्रेमचा क्रम मोडू द्यायचा नाही असं बंधन घातलंय. हे मानक २००० साली आलं आणि २००८पासून ते ८०२.१एएक्स या नावाने चालतं, पण लिनक्समध्ये आणि बोलण्यात जुनंच नाव टिकलंय.

तुमचा ११२चा आकडा यातूनच येतो. १५०० बाइटच्या एमटीयूवर (एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार) एका गिगाबिट तारेतून टीसीपीचा खरा डेटा जास्तीत जास्त ९४१ एमबीपीएस जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे ११७ एमबी. फाइल शेअरिंगचा थोडा भार वजा केला की ११२. थोडक्यात, तुमची एक तार पूर्ण भरते आहे, तिच्यात दोष नाही. आठ मशीन एकदम कॉपी करायला बसतील तेव्हा बाँडचा फायदा दिसेल, एकट्या मशीनला नाही.

दुसरी अडचण मात्र खऱ्या बिघाडाची वाटते. सर्व्हरवर /प्रॉक/नेट/बाँडिंग/ या फोल्डरमध्ये तुमच्या बाँडच्या नावाची फाइल असते. ती रूट म्हणून उघडा आणि चार गोष्टी इथे लिहा: हॅश पॉलिसी (कुठलं पॅकेट कुठल्या तारेवर जाईल ते ठरवणारा हिशोब) कुठली आहे, पार्टनर मॅक ॲड्रेस (पलीकडच्या स्विचचा हार्डवेअर पत्ता) काय दिसतो, प्रत्येक पोर्टखालचा ॲग्रिगेटर आयडी (तो पोर्ट कुठल्या गटात आहे त्याचा नंबर) किती आहे, आणि लिंक फेल्युअर काउंट किती आहे. रूट नसाल तर पार्टनरची माहिती त्यात दिसत नाही, म्हणून ते आवर्जून सांगितलं. स्विचवर ग्रुप बनवताना प्रकार कुठला निवडला होता तेही बघा.

कोरीपाटी

फाइल बघितली. हॅश पॉलिसी ‘लेयर२’. पार्टनर मॅक ॲड्रेस सगळे शून्य. पहिल्या पोर्टचा ॲग्रिगेटर आयडी १, दुसऱ्याचा २. लिंक फेल्युअर काउंट दोन्हीकडे शून्य. स्विचवर ग्रुपचा प्रकार ‘स्टॅटिक’ आहे, दुसरा पर्याय ‘एलएसीपी’ असा दिसतो.

तारजोड

सापडलं. सर्व्हर एलएसीपी (दोन टोकांनी आपसात गट ठरवायची ८०२.३एडीची भाषा) बोलतोय आणि स्विच त्याला उत्तरच देत नाही. पार्टनर मॅक सगळे शून्य म्हणजे पलीकडून एलएसीपीचं एकही पॅकेट आलेलं नाही. त्यामुळे सर्व्हरने दोन्ही पोर्ट एका गटात घेतले नाहीत. प्रत्येक पोर्टचा वेगळा ॲग्रिगेटर झाला आणि त्यातला एकच चालू ठेवला गेला. दुसऱ्या पोर्टचा दिवा लागलेला असतो, पण त्यावर आलेल्या फ्रेम बाँड टाकून देतो.

स्विचला यातलं काहीच ठाऊक नाही. स्टॅटिक ग्रुप म्हणजे ‘हे दोन पोर्ट एकच समज’ असा हुकूम. तो स्वतःच्या हॅशप्रमाणे काही मशीनचा ट्रॅफिक पहिल्या पोर्टवर पाठवतो, काहींचा दुसऱ्यावर. ज्यांच्या वाट्याला बंद पोर्ट येतो त्यांना सर्व्हर दिसत नाही. म्हणूनच ती ठरावीक दोन मशीन. केबल काढल्यावर कधी सगळं चालू होतं आणि कधी बंद पडतं, ते तुम्ही कुठली केबल काढता त्यावर आहे.

दुरुस्ती या क्रमाने करा. आधी स्विचच्या २ नंबर पोर्टची केबल काढा. स्विचवर ग्रुपचा प्रकार एलएसीपी करा, ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘पॅसिव्ह’ असा पर्याय असेल तर ॲक्टिव्ह. दोन्ही टोकं पॅसिव्ह असली तर कोणीच आधी बोलत नाही आणि गट बनत नाही. व्हीलॅनची (एकाच स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कची) सेटिंग ग्रुपवर आहे की सुट्या पोर्टवर, हेही बघा. बऱ्याच स्विचवर पोर्ट ग्रुपमध्ये घालण्याआधी दोघांची व्हीलॅन सेटिंग तंतोतंत सारखी लागते. मग केबल परत लावा आणि तीच फाइल पुन्हा उघडा. पार्टनर मॅकमध्ये स्विचचा पत्ता दिसला आणि दोन्ही पोर्टचा ॲग्रिगेटर आयडी एकच झाला, तर गट बनला.

सर्व्हरवर आणखी दोन सेटिंग तपासा. ‘मिआयमॉन’ १०० हवं, म्हणजे दर १०० मिलिसेकंदाला लिंक तपासली जाते. ‘एलएसीपी रेट’ फास्ट करा. स्लोमध्ये एलएसीपीचं पॅकेट दर ३० सेकंदांनी येतं आणि तीन चुकली की लिंक मेली असं ठरतं, म्हणजे ९० सेकंद वाया. फास्टमध्ये दर सेकंदाला येतं, त्यामुळे ३ सेकंदांत निकाल लागतो. केबल उपटली तर दिवाच जातो आणि मिआयमॉन ते लगेच पकडतं. एलएसीपीची खरी गरज लागते ती दिवा चालू आणि पलीकडचं मेलेलं अशा वेळी: मधे मीडिया कन्व्हर्टर असेल, किंवा स्विच लटकला असेल. स्टॅटिक ग्रुपला हे कधीच कळत नाही, तो त्या खड्ड्यात पॅकेट टाकत राहतो. म्हणून दोन्ही बाजू एलएसीपी बोलू शकत असतील तर स्टॅटिक वापरू नये, या मतावर मी ठाम आहे.

एक खबरदारी: गटातले सगळे पोर्ट एकाच वेगाचे आणि फुल डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकदम चालणारे) हवेत. एक केबल खराब होऊन १०० एमबीपीएसवर जुळली तर ती आपोआप वेगळ्या ॲग्रिगेटरमध्ये जाते आणि क्षमता गुपचूप घटते.

पॅकेटमोजणी

गट बनला तरी ‘लेयर२’ हॅश ठेवून ट्रॅफिक नीट वाटला जाणार नाही. ते कसं ते बघा.

लेयर२मध्ये पाठवणाऱ्याच्या मॅकचा शेवटचा बाइट, घेणाऱ्याच्या मॅकचा शेवटचा बाइट आणि पॅकेटचा प्रकार यांचा एक्सऑर (बिटवार तुलना) करून पोर्टच्या संख्येने भागतात आणि बाकीवरून तार ठरते. पोर्ट दोनच असतील तर शेवटी फक्त सम की विषम एवढंच उरतं. सर्व्हरचा मॅक कायम तोच, आयपी पॅकेटचा प्रकारही तोच. म्हणजे समोरच्या मशीनच्या मॅकचा शेवटचा आकडा सम असेल तर एक तार, विषम असेल तर दुसरी. आठापैकी सहा मशीनचे सम निघाले तर सहा एका तारेवर आणि दोन दुसरीवर, आणि हे रोज तसंच राहणार. त्याहून वाईट म्हणजे राउटरपलीकडे जाणाऱ्या सगळ्या ट्रॅफिकचा पुढचा मॅक राउटरचाच असतो. तो सगळा एकाच तारेवर जातो, पलीकडे कितीही मशीन असोत.

‘लेयर३+४’ ठेवा. त्यात आयपी आणि पोर्ट नंबर दोन्ही धरतात, त्यामुळे एकाच मशीनची दोन कनेक्शनही वेगळ्या तारांवर जाऊ शकतात. फुटलेल्या आयपी पॅकेटच्या पुढच्या तुकड्यांत पोर्ट नंबर नसतो, त्यामुळे ते वेगळ्या तारेवर जाऊन क्रम बिघडू शकतो. या एका कारणाने हे मानकाला तंतोतंत धरून नाही. तुमच्या टीसीपीच्या ट्रॅफिकला त्याचा त्रास होत नाही. यूडीपीवर (पोच न घेता पाठवणाऱ्या प्रोटोकॉलवर) मोठी पॅकेट फोडणारं काही चालत असेल तर ‘लेयर२+३’वर थांबा.

आता जे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं ते. सर्व्हरवरची हॅश सर्व्हरकडून बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकपुरतीच असते. सर्व्हरकडे येणारा ट्रॅफिक कुठल्या तारेवर टाकायचा ते स्विच ठरवतो, स्वतःच्या हॅशने. फाइल वाचताना सर्व्हरची सेटिंग कामाला येते, फाइल लिहिताना स्विचची. स्विचमध्ये ‘लोड बॅलन्स’ नावाची सेटिंग शोधा. सोर्स आणि डेस्टिनेशन आयपी, जमल्यास पोर्टसकट, असा पर्याय असेल तर तो घ्या. स्वस्त स्विचमध्ये फक्त मॅकचा पर्याय असतो, तिथे येणाऱ्या बाजूची वाटणी मशीनच्या मॅकवरच राहणार.

तपासणी आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने करा. सर्व्हरवर ते सर्व्हर म्हणून चालू करा, पण एका मशीनवरून चाचणी घेऊ नका, कारण त्याचा स्वतःचाच पोर्ट एक गिगाबिटचा आहे. आयपर्फ३ एका वेळी एकच चाचणी घेतं, म्हणून सर्व्हरवर ते ५२०१ आणि ५२०२ अशा दोन पोर्टवर दोनदा चालू करा आणि दोन मशीनवरून एकाच वेळी, प्रत्येकी चार समांतर कनेक्शनने, ६० सेकंद चालवा. दोन्हींची बेरीज १८०० एमबीपीएसच्या वर गेली तर बाँड काम करतोय. नंतर दिशा उलटी करून पुन्हा. निकालाचा अर्थ लावताना शक्यता ध्यानात ठेवा: दोनच कनेक्शन असतील तर दोन्ही एकाच तारेवर पडण्याची शक्यता निम्मी असते, चार असतील तर आठात एक. एकदा कमी वेग आला म्हणून सेटिंग बिघडली असं धरू नका. चाचणी चालू असताना प्रत्येक पोर्टचे बाइट काउंटर बघा, ते खरं सांगतात.

या चाचणीत एक खोड आडवी येऊ शकते. नव्या लिनक्स कर्नलमध्ये कनेक्शन उघडताना प्रोग्रामला शक्यतो सम पोर्ट नंबर दिला जातो. हॅश फक्त शेवटच्या बिटावर चालत असेल तर सगळी कनेक्शन एकाच तारेवर पडतात. लिनक्सच्या बाँडिंगने लेयर३+४मध्ये शेवटचा बिट सोडून देऊन याची सोय केलीय, पण प्रत्येक स्विचने केलेली असेलच असं नाही.

एक लक्षण लक्षात ठेवा: काही कनेक्शन झकास आणि काही रडतखडत, आणि एकाच मशीनवर दोन्ही प्रकार. असं झालं की हॅशकडे नाही, केबलकडे बघा. एका तारेवर सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या फ्रेम) येत असतील तर साधारण निम्मी कनेक्शन त्या तारेवर अडकतात. दिवा लागलेला, एलएसीपी चालू, फाइलमध्ये सगळं ठीक, आणि तरी वापरणारे वैतागलेले. एथटूल या लिनक्सच्या आज्ञेने प्रत्येक पोर्टचे एरर काउंटर दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा बघा. आकडा वाढत असेल तर ती केबल बदला. स्विचच्या बाजूचे काउंटरही बघायचेच, कारण सर्व्हरने पाठवलेली खराब फ्रेम तिकडेच मोजली जाते.

दुहेरीदोर

एका कनेक्शनला दुप्पट वेग देणारा मोड आहे की, बॅलन्स-आरआर. मोड ०. तो पॅकेट आलटून पालटून दोन्ही तारांवर टाकतो. एडिटिंगसाठी तो का सुचवत नाही?

तारजोड

दोन लिनक्स मशीन स्विचशिवाय थेट दोन केबलने जोडली असतील आणि दोन्हीकडे मोड ० असेल तर तो खरंच चालतो. क्रम थोडा बिघडतो, लिनक्सचा टीसीपी तो बराचसा सहन करतो, आणि दुप्पटीला थोडा कमी वेग मिळतो. मधे स्विच आला की फायदा संपतो: सर्व्हर आलटून पालटून पाठवेल, पण स्विच त्याच्या हॅशप्रमाणे ते सगळं एकाच तारेवर पुढे ढकलेल. आणि स्विचवर ग्रुप न बनवता मोड ० लावला तर एकच मॅक दोन पोर्टवर दिसू लागतो आणि स्विचचा मॅक टेबल सतत इकडून तिकडे उड्या मारतो. शिवाय इथे समोर विंडोज १० आहे, त्यात हे बाँडिंग नाही.

एडिटिंग मशीनचं काम नेटवर्कच्या थरात नाही, फाइल शेअरिंगच्या थरात करा. एसएमबी ३ या विंडोजच्या फाइल शेअरिंग प्रोटोकॉलमध्ये मल्टिचॅनल आहे. एकाच फाइलसाठी तो स्वतःच दोन कनेक्शन उघडतो, डेटा वाटून पाठवतो आणि पलीकडे क्रमाने जोडतो. टीसीपीच्या क्रमाचा प्रश्नच येत नाही. सांबात, म्हणजे लिनक्सवरच्या एसएमबी सर्व्हरमध्ये, ४.४पासून तो प्रायोगिक होता आणि ४.१५पासून लिनक्सवर मुळातच चालू असतो.

तुमच्याकडे सर्व्हरचे दोन पोर्ट मोकळे आहेत, ते यासाठी सोन्यासारखे आहेत:

सर्व्हरचे पोर्ट १ आणि २ सगळ्यांसाठी बाँडमध्ये राहू द्या. पोर्ट ३ आणि ४ बाँडमध्ये घालू नका. पोर्ट ३ला १९२.१६८.३०.१ आणि पोर्ट ४ला १९२.१६८.४०.१ द्या, दोन्ही /२४. एडिटिंग मशीनच्या दोन पोर्टना ३०.२ आणि ४०.२. दोन्ही केबल स्विचला न लावता थेट सर्व्हरला लावा, गिगाबिट कार्डांना क्रॉसओव्हर केबल लागत नाही. या चारही ठिकाणी गेटवे रिकामा ठेवा. एडिटिंग मशीनला इंटरनेट आणि बाकी ऑफिस दिसण्यासाठी मदरबोर्डवरचा तिसरा पोर्ट असेल तर तो स्विचला लावा.

सबनेट वेगळे ठेवायचे ते मुद्दाम. एकाच सबनेटचे दोन आयपी दोन पोर्टना दिले की लिनक्स कुठल्याही पोर्टवरून कुठल्याही आयपीच्या एआरपीला (‘हा आयपी कुणाचा?’ या विचारणेला) उत्तर देतो आणि सगळा ट्रॅफिक एका पोर्टवर गोळा होतो.

मग विंडोजवर शेअर ३०.१ या पत्त्याने उघडा. मोठी कॉपी चालू असताना पॉवरशेलमध्ये एसएमबी मल्टिचॅनलची कनेक्शन दाखवणारी आज्ञा द्या. दोन ओळी, दोन वेगळे आयपी दिसले की झालं. सेकंदाला २२० एमबीच्या आसपास यायला हवं. नाही आलं तर आधी सर्व्हरची डिस्क तपासा. एकटी फिरती डिस्क सलग वाचनालाही साधारण १५० ते २५० एमबी देते, आणि तिच्यावर बाकी आठ मशीन काम करत असतील तर तेवढंही नाही.

तरीही माझं प्रामाणिक मत असं, की एकाच मशीनला वेग हवा असेल तर दोन २.५ गिगाबिटची कार्ड आणि मधे एक केबल हा सगळ्यात सरळ उपाय आहे. साधी कॅट५ई केबल १०० मीटरपर्यंत चालते, सेकंदाला २९० एमबीच्या आसपास मिळतात, आणि वरचं काहीच करावं लागत नाही. बाँडिंग अनेकांच्या गर्दीसाठी आणि एक तार गेली तर काम चालू राहावं यासाठी आहे.

आणि स्विचच गेला तर? दोन्ही केबल एकाच स्विचला असताना बाँड त्यात काही करू शकत नाही. तेवढी गरज असेल तर दोन वेगळे स्विच आणि सर्व्हरवर मोड १, ॲक्टिव्ह-बॅकअप. स्विचला काही सांगावं लागत नाही, एक तार चालते, दुसरी राखीव. यात मिआयमॉनऐवजी एआरपी मॉनिटर लावून दोन पत्ते द्या, म्हणजे स्विचच्या पलीकडची लिंक गेलेलीही कळते. मोड ४मध्ये एआरपी मॉनिटर चालत नाही. स्विचच्या त्या पोर्टना ‘एज पोर्ट’ करा, नाहीतर पोर्ट वर आल्यावर जुना स्पॅनिंग ट्री (स्विचमधली चक्रं टाळणारी यंत्रणा) १५ अधिक १५ सेकंद ट्रॅफिक अडवून धरतो.

राउटरराखण

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनवर एलएसीपी चालत नाही. एलएसीपीला दोन्ही तारांच्या पलीकडे एकच डबा लागतो, इथे पलीकडे दोन अनोळखी नेटवर्क आहेत. तुमच्यापुढे तीन पायऱ्या आहेत.

पहिली, निव्वळ फेलओव्हर: फायबर चालू, ४जी राखीव. दुसरी, कनेक्शनवार वाटणी: काही कनेक्शन फायबरवर, काही ४जीवर. या दोन्ही ओपनडब्ल्यूआरटीवर एमवॅन३ या पॅकेजने होतात. दोन्हींत लाइन गेली की त्या लाइनवरची चालू कनेक्शन तुटतात, कारण पलीकडच्या सर्व्हरला तुमचा सार्वजनिक आयपीच बदललेला दिसतो. कॉल न तुटता लाइन बदलायची असेल तर तिसरी पायरी लागते: पलीकडे स्वतःचा एक सर्व्हर आणि तिथपर्यंत दोन्ही लाइनमधून बोगदा.

एमवॅन३ लावताना जिथे हमखास अडतं ते सांगतो. दोन्ही वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) इंटरफेसना गेटवे मेट्रिक (प्राधान्याचा आकडा) वेगवेगळी द्या, उदाहरणार्थ १० आणि २०. सारखी ठेवली तर एक डीफॉल्ट रूट गायब होतो आणि ती लाइन कायम मेलेली दिसते. दोन्ही राउटरच्या आतल्या बाजूचा सबनेट एकच असू नये, दोघेही १९२.१६८.१.० वापरत असतील तर एकाचा बदला.

लाइन जिवंत आहे का ते तपासायला कंपनीच्या गेटवेला पिंग करू नका. गेटवे उत्तर देतो आणि त्यापुढचं सगळं बंद असतं, हे नेहमीचं. १.१.१.१ आणि ८.८.८.८ असे दोन लांबचे पत्ते द्या आणि दोन्ही गेले तरच लाइन गेली असं ठरवा. दर ५ सेकंदांनी तपासणी आणि तीन अपयशांनंतर बंद, म्हणजे साधारण १५ सेकंदांत लाइन बदलेल. परत चालू करताना घाई नको, सलग आठदहा यशस्वी तपासण्या मागा. नाहीतर लाइन चालू-बंद होत असेल तर सगळ्यांची कनेक्शन दर मिनिटाला तुटतील.

लाइन बदलली की कॉनट्रॅक टेबल (चालू कनेक्शनची राउटरमधली यादी) साफ करण्याचा पर्याय चालू ठेवा. यूडीपीच्या जुन्या नोंदी मेलेल्या लाइनलाच चिकटून बसतात. इंटरनेट आलं, पण आयपी फोन परत नोंदणी करत नाही, अशी तक्रार यातूनच येते.

वाटणी करायची तर वजन खऱ्या वेगाच्या प्रमाणात द्या. फायबर १०० आणि ४जी प्रत्यक्षात २० देत असेल तर ५ आणि १. जिथे लॉगिन असतं, विशेषतः बँकांच्या साइट, तिथे ४४३ पोर्टसाठी ‘स्टिकी’ नियम लावा. एकाच लॉगिनमध्ये आयपी बदललेला दिसला की अशा साइट बाहेर काढतात. कॉलचं सॉफ्टवेअर मी वाटणीत घालणार नाही, ते फायबरवर आणि फायबर गेली तरच ४जीवर.

कोरीपाटी

स्विचवर एलएसीपी केलं, दोन्ही ॲग्रिगेटर आयडी १ झाले आणि ती दोन्ही मशीन लगेच दिसू लागली. हॅश लेयर३+४ केली. २.५ गिगाबिटची दोन कार्ड मागवतोय. मनापासून आभार.

तिसऱ्या पायरीबद्दल अजून सांगाल का? कॉल तुटून चालणार नाही हीच मुख्य गरज आहे. भाड्याचा सर्व्हर घ्यायची तयारी आहे. मल्टिपाथ टीसीपीबद्दल वाचलं, ते यासाठीच ना?

राउटरराखण

मल्टिपाथ टीसीपी उत्तम आहे. त्याची पहिली आवृत्ती २०१३ साली प्रसिद्ध झाली, आताची २०२०ची, आणि २०२०च्या ५.६ आवृत्तीपासून तो मूळ लिनक्स कर्नलमध्ये यायला लागला. एकच टीसीपी कनेक्शन तो दोन लाइनवर चालवतो आणि एक लाइन गेली तरी कनेक्शन टिकतं. पण तो टीसीपीपुरताच. व्हिडिओ कॉल शक्यतो यूडीपीवर चालतात, त्यामुळे कॉलसाठी यूडीपी वाहणारा बोगदा वेगळा लागतो. ओपनएमपीटीसीपीराउटरसारखी तयार प्रणाली दोन्ही एकत्र देते: टीसीपी मल्टिपाथमधून, यूडीपी बोगद्यातून, आणि पलीकडचा सर्व्हर बसवायची स्क्रिप्टही तिच्यात येते.

सर्व्हर भाड्याने घेताना तो तुमच्यापासून किती मिलिसेकंदांवर आहे ते आधी दोन्ही लाइनवरून पिंग करून बघा. तुमचं सगळं इंटरनेट आता त्याच्यामार्गे वळसा घेऊन जाणार आहे. त्याची बँडविड्थ आणि महिन्याची डेटा मर्यादा तुमच्या दोन्ही लाइनच्या बेरजेपेक्षा जास्त हवी, आणि डेटा आत येताना आणि बाहेर जाताना दोनदा मोजला जाऊ शकतो.

कॉलसाठी पॅकेट वाटू नका, दोन्ही लाइनवरून तेच पॅकेट पाठवा. पलीकडे जे आधी पोचेल ते घ्यायचं, दुसरं टाकून द्यायचं. एक लाइन मधेच मेली तरी कॉलमध्ये साधी खरखरही येत नाही. याचा खर्च वाटतो त्याहून कमी आहे. जी.७११ या आवाजाच्या पद्धतीचा फोन कॉल दर २० मिलिसेकंदांना १६० बाइट आवाज आणि ४० बाइट हेडर पाठवतो, म्हणजे एका दिशेला ८० केबीपीएस. तो दोनदा पाठवला तर १६०. व्हिडिओला एक-दोन एमबीपीएस जास्त लागतील, ४जीच्या डेटाचा हिशोब तेवढा बघा. वायरगार्ड या बोगद्याची पॅकेट अशी दोन लाइनवर पाठवायला एनगार्ड नावाचा छोटा प्रोग्राम आहे, तो नेमका हेच करतो.

मोठ्या डाउनलोडसाठी मात्र वाटणी, आणि तिथे दोन लाइनच्या वेळेतला फरक आडवा येतो. समजा फायबर १० मिलिसेकंद आणि ४जी ६०. ४जीवरच्या पॅकेटची वाट बघत फायबरवरून आलेला ५० मिलिसेकंदांचा डेटा धरून ठेवावा लागतो. १०० एमबीपीएसला तो ६२५ केबी होतो. एवढा बफर नसेल तर एकत्र वेग एकट्या फायबरपेक्षाही कमी येतो. हा फरक ५० मिलिसेकंदच राहील असंही नाही. ४जीचा अपलोड पूर्ण भरला की तिची वेळ काहीशे मिलिसेकंदांवर जाते. म्हणून दोन्ही वॅनवर एसक्यूएम (पॅकेटची रांग आटोक्यात ठेवणारं पॅकेज) लावा, त्यात केक ही पद्धत निवडा, आणि वेग मोजलेल्या वेगाच्या ८५ टक्के द्या. ४जीचा वेग दिवसभर बदलतो, त्यामुळे तिथे गर्दीच्या वेळचा आकडा धरायचा.

एमटीयू आधीच ठरवून टाका. वायरगार्डसाठी १५००मधून ८० वजा करून १४२० ठेवतात, पण काही मोबाइल नेटवर्कचा एमटीयू १५००पेक्षा कमी असतो. ४जीवरून ‘तुकडे करू नका’ हा पर्याय लावून पिंग करा, १४७२ बाइटपासून खाली येत जा. जो सगळ्यात मोठा आकडा जाईल त्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू. त्यातून ८० वजा करा आणि बोगद्याच्या दोन्ही टोकांना तोच द्या. राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (टीसीपीची पॅकेट बोगद्यात मावतील एवढीच ठेवणारी सेटिंग) चालू ठेवा. हे चुकलं तर पिंग जातं, छोट्या साइट उघडतात आणि मोठ्या अर्ध्यावर लटकतात.

शेवटी चाचणी. कॉल चालू ठेवून फायबरची केबल राउटरपासून काढा, ही सोपी चाचणी झाली. ती पास झाली की केबल परत लावा आणि फायबरच्या डब्याच्या मागची ऑप्टिकल तार काढा. आता राउटरचा दिवा चालू राहील, पुढचं सगळं मेलेलं असेल. प्रत्यक्षात लाइन जाते ती बहुतेक अशीच. मग फायबर चालू ठेवून ४जीवर मोठा अपलोड सुरू करा आणि कॉल कसा टिकतो ते ऐका. आणि फायबरचा डबा, ४जी राउटर, ओपनडब्ल्यूआरटी राउटर आणि स्विच हे चारही एकाच यूपीएसवर आहेत ना, ते बघून घ्या. वीज गेली की पहिला बंद पडतो तो बहुधा फायबरचा डबा, कारण तो वेगळ्या भिंतीवर, साध्या सॉकेटला लावलेला असतो.